अकराशे सत्त्याऐंशी टोले

सोमवारी तिसऱ्या तासाची घंटा झाली, आणि होतच राहिली.

पहिल्या तासाला एक टोला, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, असा त्या शाळेचा जुना शिरस्ता होता. संगणकाचे सर तेव्हा आठवीच्या वर्गाला शिकवत होते. चौथा टोला पडला तसे ते बोलता बोलता थांबले. सहाव्याला मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. विसाव्याला मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, तेव्हा मात्र सरांनी आपली प्रतिष्ठा बाकावर ठेवली आणि धूम ठोकली.

धूम ठोकायला कारण होतं. ती घंटा सरांची होती. म्हणजे घंटा शाळेचीच, पितळेची, जुनी. पण दोन महिन्यांपूर्वी सरांनी तिला विजेवर चालणारा हातोडा बसवून तो ऑफिसातल्या संगणकाला जोडला होता. त्याआधी एकतीस वर्षं ती घंटाकाका वाजवत. आता काकांना काम उरलं नव्हतं, म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना घंटेजवळ स्टूल देऊन 'लक्ष ठेवा' असं सांगितलं होतं. सर पोचले तेव्हा काका स्टुलावर बसून लक्ष ठेवत होते.

"काका, थांबवा ना तिला."

"मी कशी थांबवू? हातोडा तुमचा," काका शांतपणे म्हणाले. "एकशे बारा."

"काय एकशे बारा?"

"टोले झाले. एकशे तेरा."

सर ऑफिसकडे वळले. ऑफिसला कुलूप होतं. नव्या घंटेला कुणी हात लावू नये म्हणून मोठ्या बाई बाहेर जाताना कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकत, आणि त्या सकाळीच शाळा तपासणाऱ्या समितीच्या बैठकीला गेल्या होत्या. विजेचा मुख्य खटकाही आतच. सरांनी खिडकीतून पाहिलं. पडद्यावर त्यांचं पान नीटनेटकं उघडं होतं आणि कुठंही काही बिघडल्याचं चिन्ह नव्हतं.

घंटा एकोणचाळीस मिनिटं वाजली. तास चाळीस मिनिटांचा होता. म्हणजे तास सुरू झाल्याचं सांगायला लागलेली घंटा तास संपता संपता सांगून झाली, आणि मग अर्ध्या मिनिटानं तिनं चौथ्या तासाचे चार टोले अगदी शहाण्यासारखे दिले.

"अकराशे शहाऐंशी," काका म्हणाले, आणि कान चोळत पाणी प्यायला गेले.

हा आकडा सरांनी कुठंतरी ऐकला होता. पण कुठं, ते काही केल्या आठवेना.

दुपारी मोठ्या बाई आल्या, कुलूप निघालं, आणि सर संगणकापुढं बसले. बिघाड सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मोठ्या बाईंचा 'एक शाळा, एक पान' असा आग्रह होता. त्यामुळे घंटा, सूचना, प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या पडद्यावरचे आकडे, सगळं जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या एकाच पानात कोंबलेलं होतं. आणि घंटेला किती टोले द्यायचे हे सरांनी ज्या नावाखाली ठेवलं होतं ते नाव होतं 'संख्या'. उघड्यावरचं नाव. ग्लोबल. पानावरच्या कुठल्याही ओळीनं यावं आणि त्यात हवं ते लिहून जावं.

"म्हणजे नेमकं काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वऱ्हांड्यात फळा असतो ना, बाई. मी त्यावर तीन लिहिलं. घंटा ते बघून वाजायला लागली. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी येऊन माझं तीन पुसलं आणि त्याचा आकडा लिहिला. घंटा बिचारी दर टोल्याला फळ्याकडे बघते. तिला वाटलं, अजून बरेच आहेत."

"कुणी पुसलं?"

"पानात कुणाकुणाचं जुनं काम आहे, बाई. त्यातल्या कुणीतरी हेच नाव वापरलंय. इतकं साधं नाव असं उघड्यावर टाकणारा माणूस कोण असेल, त्याला मी एकदा बघणार आहे." सर गंभीरपणे म्हणाले. आपणही तेच केलंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मोठ्या बाईंना कळण्यासारखं नव्हतं.

"त्याला नंतर बघा. उद्या समिती येतेय. घंटेनं परत तमाशा केला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

घाईत सरांनी जे केलं ते त्यांच्या मते अगदी नामी होतं. त्यांनी 'संख्या' या नावाला कुलूप घातलं. वाचायचं सगळ्यांनी, बदलायचं फक्त घंटेनं. दुसऱ्या कुणी त्यात काही लिहायला आलं, तर पान त्याला अडवणार नव्हतं, ओरडणार नव्हतं. लिहून घेतल्यासारखं करणार होतं आणि काहीच लिहून घेणार नव्हतं. जावास्क्रिप्टचा हा स्वभावच आहे. तोंडावर नाही म्हणायचं नाही, आणि ऐकायचंही नाही. अशी माणसं सरांच्या नात्यात बरीच होती, पण त्यावरून ते काही शिकले नव्हते. पाचव्या, सहाव्या, सातव्या तासाची घंटा नीट झाली आणि सर निर्धास्त मनानं घरी गेले.

घरी बायको होती. बायको म्हणजे त्याच शाळेतल्या ग्रंथालयाच्या बाई. शाळेत ती त्यांना 'सर' म्हणायची आणि ते तिला 'बाई'. घरी आल्यावर चपला काढल्या की 'अहो' आणि 'अगं' सुरू होई. लग्नाच्या पाच वर्षांत हा नियम कधी मोडला नव्हता. घरात ती 'सर' म्हणाली, तर ती रागावलीय असं समजायचं, आणि तसं तोवर दोनदाच झालं होतं.

"अहो, उद्या समिती ग्रंथालय बघायला येतेय," ती पोळपाट पुसत म्हणाली. "हजाराच्या आत पुस्तकं असतील तर खोली काढून घेणार म्हणे. आणि मला ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारायला बसवणार."

"तुझी तर बरीच आहेत."

"बरीच म्हणजे किती? रोज सांगते मी तुम्हाला."

ती रोज सांगत होती हे खरं, आणि ते रोज 'हं' म्हणत होते हेही खरं.

"बाहेर गेलेली सगळी परत मागवलीत. एक सोडून सगळी आलीत," ती म्हणाली. "खोली कुणाला हवीय कुणास ठाऊक. कुणीतरी अर्ज केलाय."

सरांना ठसका लागला. गेल्या वर्षी त्यांनी एक अर्ज केला होता. 'संगणकांसाठी मोठी खोली मिळावी.' ग्रंथालयाची खोली मिळावी असं त्यात कुठंही नव्हतं. पण शाळेत मोठी खोली एकच होती, हे अर्ज करताना त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. नंतर आलं तेव्हा अर्ज पुढे गेला होता. घरी सांगू, सांगू म्हणता वर्ष गेलं. आजही ते सांगणार होते. पण तिनं पाण्याचा पेला पुढं केला आणि पाठीवरून हात फिरवला, आणि मग ते सांगणं फारच अवघड झालं.

मंगळवारी चौथ्या तासाला समिती आली. अध्यक्ष आणि दोन सदस्य. अध्यक्ष मितभाषी होते आणि प्रत्येक गोष्ट चष्मा कपाळावर चढवून वाचत. प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या पडद्यापाशी ते थांबले. पडद्यावर लिहिलं होतं: ग्रंथालयातील एकूण पुस्तके, ४.

"चार?" अध्यक्ष म्हणाले.

मोठ्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी ग्रंथालयाच्या बाईंना आणि संगणकाच्या सरांना बोलावणं धाडलं. दोघं येईपर्यंत पाचव्या तासाची घंटा झाली. पाच टोले, चोख. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरच्या चाराचे पाच झाले.

"एक परत आलं वाटतं," एक सदस्य म्हणाले.

दुसरे सदस्य हिशेबी होते. "म्हणजे तासाला एक. या गतीनं शाळा सुटेपर्यंत सात होतील."

ग्रंथालयाच्या बाई पडद्याकडे पाहत उभ्या राहिल्या. एकेक पुस्तक पुसून, शिवून, नाव घालून ठेवणाऱ्या बाईला पाच पुस्तकांची धनीण म्हणून चारचौघांत उभं केलं, तर तिला जसं वाटावं तसं त्यांना वाटत होतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते भरू देत नव्हत्या.

"आकडा चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळपर्यंत अकराशे शहाऐंशी होती."

आकडा कुठं ऐकला होता ते सरांना आता आठवलं. रोज रात्री, जेवताना, ताटासमोर.

"साहेब, चूक ग्रंथालयाची नाही," ते पुढं होत म्हणाले. "हा आकडा घंटेचा आहे."

"घंटेच्या आकड्यापुढं पुस्तकं का लिहिलंय?"

"पुस्तकांचा आकडा यायला हवा होता, साहेब. एरवी पुस्तक नोंदवलं की तो येतो. कालपासून तो घेतला गेला नाही."

"कुणी घेतला नाही?"

"मी," सर म्हणाले. "म्हणजे, मी कुलूप घातलं होतं. बाहेरच्या कुणी आकडा बदलू नये म्हणून. ग्रंथालय बाहेरचं आहे हे मला माहीत नव्हतं."

अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला आणि सरांकडे बराच वेळ पाहिलं. मग हातातली फाइल उघडली. "मोठ्या खोलीसाठी अर्ज तुमचाच ना?"

सर 'हो' म्हणाले की नुसती मान हलली, हे त्यांना स्वतःलाही नंतर सांगता आलं नसतं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "असं आहे होय, सर," त्या म्हणाल्या.

शाळेतच होते दोघं, त्यामुळे 'सर' म्हणण्यात इतरांना काही वावगं वाटलं नाही. पण तो 'सर' घरातला होता. सरांनी तो बरोबर ओळखला.

"मी काढतो कुलूप. अर्धा तास द्या," ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता ऑफिसकडे धावले. कुलूप काढायला अर्धा तास पुरत होता. नीट विचार करायला पुरत नव्हता. पडद्यावर खरा आकडा यायचा तर ग्रंथालयातून एखादं पुस्तक नव्यानं नोंदवायला हवं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. कुलूप काढून त्यांनी पान पुन्हा चालू केलं आणि धापा टाकत ग्रंथालयाच्या दारात येऊन सांगितलं, "बाई, एक पुस्तक नोंदवा. कुठलंही. लगेच."

समिती तोवर ग्रंथालयात येऊन बसली होती. बाईंनी न बोलता नव्या पुस्तकांतलं एक उचललं आणि त्याची नोंद करायला घेतली. नोंद त्या सावकाशच करत, शुद्धलेखन बघून. शेवटचं बटण त्यांनी दाबलं तेव्हा सहाव्या तासाची घंटा सुरू झाली होती, आणि तिचे दोन टोले पडून गेले होते.

तिसरा पडला. चौथा, पाचवा, सहावा. सातवा पडला तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा?" दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"थांबवा ते," अध्यक्ष म्हणाले.

सर वळले. ऑफिस उघडं होतं, खटका दहा पावलांवर होता. तेवढ्यात मागून बाईंनी विचारलं, "सर, आता ती किती वाजणार?"

"अकराशे सत्त्याऐंशी."

"म्हणजे माझ्या पुस्तकांइतकी."

"हो."

"मग बंद करायची नाही," बाई म्हणाल्या आणि अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, तुमचा पडद्यावर विश्वास नाही, माझ्यावर नाही, आणि यांच्यावर तर आता माझाही नाही. घंटा वाजतेय तोवर पुस्तकं मोजू. एका टोल्याला एक. घंटा थांबल्यावर पुस्तकं उरली किंवा कमी पडली, तर खोली तुमची."

सरांना 'असं नको' म्हणायचं होतं. पण ते म्हणण्याचा हक्क आपल्याकडे उरला आहे की नाही याची त्यांना खात्री वाटेना.

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "पण किती टोले होऊन गेले ते कुठं माहीत आहे?"

"एकोणतीस," दारातून घंटाकाका म्हणाले. "तीस."

एकतीस वर्षं टोले मोजलेला माणूस मोजणं थांबवू शकत नाही. बाईंनी ते नवं पुस्तक आणि पहिल्या कपाटातली एकोणतीस अशी तीस पुस्तकं भराभर मोजून सदस्यांपुढं ठेवली, मधल्या टोल्यांची आणखी आठ ठेवली, आणि मग दर टोल्याला एक अशी पुस्तकं निघू लागली. दोन सदस्य घेत होते, अध्यक्ष टेबलावर रचत होते. टेबल भरलं तशी ती बाकांवर गेली, बाकं भरली तशी खिडक्यांत. सहाव्या तासाचे वर्ग अर्थातच बंद पडले होते. मुलं आणि शिक्षक दारापाशी गोळा झाले, आणि बाईंनी त्यांनाही रांगेत उभं करून कपाटापासून वऱ्हांड्यापर्यंत साखळी केली. त्या शाळेतले निम्मे लोक ग्रंथालयात पहिल्यांदाच आले होते. हातातून हातात जाताना पुस्तकाचं नाव वाचायला दोन सेकंद मिळत, आणि पुष्कळांनी ते वाचलं.

आधी लोक हसत होते. पाचशेच्या पुढं कुणी हसेना. टोला पडे, पुस्तक पुढं जाई, पुन्हा टोला पडे. अध्यक्षांनी कोट काढून ठेवला होता. साखळीच्या शेवटी सर उभे होते. कुणी त्यांना उभं केलं नव्हतं, ते आपणहून राहिले होते. आपल्या हातून जाणारं प्रत्येक पुस्तक ते जपून खाली ठेवत होते, आणि बाई एकदाही त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

अकराशेच्या पुढं शेवटचं कपाट आलं. बाई आता खालच्या फळीवर होत्या. फळीवरची पुस्तकं संपत आली तशी त्या एकेक पुस्तक दोन्ही हातांनी देऊ लागल्या. शेवटचं पुस्तक त्यांनी पुढं दिलं, सरांनी ते खाली ठेवलं, आणि सगळी शाळा घंटेकडे कान लावून उभी राहिली.

आणखी एक टोला पडला. मग घंटा थांबली.

"एक कमी," हिशेबी सदस्य म्हणाले. त्यांनाही ते म्हणताना वाईट वाटलं असावं, कारण ते जमिनीकडे बघून म्हणाले.

मग घंटाकाका गर्दीतून पुढं आले. त्यांच्या काखेत एक जाडजूड पुस्तक होतं, मध्ये सुतळीची खूण घातलेलं.

"हे माझ्याकडे आहे, बाई," ते ओशाळून म्हणाले. "परत द्यायचं होतं, पण चाळीसच पानं राहिली होती. ही घंटा विजेवर गेल्यापासून बसून बसून काय करायचं, म्हणून वाचायला लागलो. हे सतरावं."

ते त्यांनी सरांच्या हातात दिलं, आणि सरांनी ते सगळ्यात वर ठेवलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला, कोट घातला आणि तिथल्या तिथं निर्णय सांगितला. ग्रंथालय हलणार नाही. उलट एवढी पुस्तकं एका खोलीत दाटीनं आहेत हे त्यांनी आज स्वतःच्या कमरेनं अनुभवलं आहे, म्हणून संगणकाची खोली ग्रंथालयाला जोडावी. संगणक ग्रंथालयातच एका कोपऱ्यात मांडावेत.

"तुमच्या अर्जाप्रमाणे तुम्हाला मोठी खोली मिळाली," ते सरांना म्हणाले, आणि हे बोलताना ते अजिबात हसले नाहीत.

शाळा सुटल्यावर सर एकटेच ऑफिसात बसले. आता त्यांनी जे करायला हवं होतं ते केलं. टोल्यांचा आकडा घंटेच्या स्वतःच्या कुंपणात ठेवला, बाहेरून कुणाला दिसणार नाही असा. त्याला नावही 'टोले' असं दिलं. मग ते ग्रंथालयाच्या जुन्या ओळींकडे वळले. ज्या कुणी मूर्ख माणसानं नुसतं 'संख्या' असं उघडं नाव टाकलं होतं, त्याला एकदा बघायचंच होतं. त्यांनी वरपासून वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीवर टीप होती. यंत्र जी वाचत नाही, फक्त माणसानं वाचायची असते तशी: 'ग्रंथालयाच्या नव्या बाईंसाठी. हा आकडा कायम वाढत राहो.' खाली त्यांचीच आद्याक्षरं होती, आणि तारीख लग्नाच्या आधीच्या वर्षाची.

ते किती तरी वेळ ती ओळ बघत बसले. मागे कुणी येऊन उभं राहिलंय हे त्यांना उशिरा कळलं.

"तुम्हीच तर करून दिलं होतंत," बाई म्हणाल्या. "विसरलात ना."

"अर्जाचं सांगायला हवं होतं मी."

"हवं होतं."

"मोठी खोली एवढंच डोक्यात होतं. तुझं नाव त्यात कुठंच नव्हतं."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "नाव घातलं असतंत तर तुमच्याच लक्षात आलं असतं. आम्ही दोन वह्यासुद्धा नुसतं 'वही' म्हणून कपाटात ठेवत नाही. कशाची, कुणाची, लिहितो. तुम्ही एवढे शिकलेले, आणि नुसतं 'संख्या'? कशाची संख्या?"

सरांनी मान खाली घातली आणि तिच्यासमोर नाव बदलून 'ग्रंथालयाची पुस्तकसंख्या' असं केलं. वरची टीप मात्र तशीच ठेवली. तिनं ती वाचली की नाही ते त्यांना कळलं नाही. घरी जाताना ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात संगणक ग्रंथालयाच्या कोपऱ्यात आले. बाईंनी प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली, सरांच्या खुर्चीवरसुद्धा. आठवडाभर दोघं एका खोलीत बसून 'सर' आणि 'बाई' करत होते, आणि त्यातला कुठला 'सर' शाळेचा आणि कुठला घरचा हे ओळखण्यात सरांचे दिवस जात होते.

शनिवारी तिसऱ्या तासाच्या सुमारास बाई एक नवं पुस्तक हातात घेऊन संगणकाशी आल्या. बटणावर बोट ठेवलं, आणि थांबल्या. आसपास पाचवीची तीस मुलं होती, शेजारी घंटाकाका अठरावं पुस्तक वाचत बसले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "एक पुस्तक नोंदवायचंय. घंटा होऊन जाऊ दे ना आधी?"

आता थांबायची काहीच गरज नव्हती. घंटा आणि ग्रंथालय एकमेकांपासून पुरती वेगळी झाली होती; घंटा चालू असताना हजार पुस्तकं नोंदवली असती तरी तिसऱ्या तासाला तीनच टोले पडले असते. हे सरांना समजावून सांगता आलं असतं.

"हो," ते म्हणाले. "थांबू या."